नवें गाणें आणि जुने कान



खेड्यांतील एका निवृत्त शाळामास्तरानें लोकप्रिय गायकांच्या नव्या गीतसंग्रहांवर बोलावें, हें कित्येकांस विपरीत वाटेल. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, संगीताचें शास्त्र न जाणणारा मनुष्य आहें. कामरगांवच्या भजनांत टाळ धरून बसणें, यापलीकडे माझी गायनकलेशीं ओळख नाहीं. परंतु आजचा विषय गाणाऱ्याचा नसून ऐकणाऱ्याचा आहे, आणि ऐकण्याचा अनुभव मात्र माझ्यापाशीं साठ वर्षांचा आहे. एखाद्या गायकाचीं नवीं गाणीं बाहेर पडलीं कीं कोणी डोलतो, कोणी नाक मुरडतो, कोणी 'याचें पूर्वींचें तें आतां राहिलें नाहीं' असें म्हणून उसासा टाकतो. गाणें एक, आवाज एक, आणि अभिप्राय मात्र इतके भिन्न कां? या प्रश्नाचा यथामति उलगडा करावा, एवढाच माझा हेतु आहे.

प्रथम 'आल्बम' या शब्दाचाच विचार करूं. लाखेच्या जुन्या तबकडीवर एका बाजूस सुमारें तीन ते साडेतीन मिनिटांचें गाणें मावत असे. त्याहून मोठें संगीत द्यावयाचें तर अशा चार-सहा तबकड्या लागत, आणि छायाचित्रें लावण्याच्या वहीसारख्या एका पुठ्ठ्याच्या वहींत घालून त्या विकल्या जात. त्या वहीस आल्बम म्हणत. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें सावकाश फिरणारी मोठी तबकडी काढली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. वहीची गरज संपली, पण नांव राहिलें. पुढें कॅसेट आली, तिच्या मागून सीडी आली, आणि आतां मोबाईलवर एकेकटें गाणेंच प्रसिद्ध होतें. तरी आमच्या खेड्यांत चित्रपटाबाहेरच्या कोणत्याहि चित्रित गाण्यास 'आल्बमचें गाणें' म्हणण्याची रीत पडली आहे.

नव्या गाण्यास नाक मुरडण्याची संवय आजची नव्हे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत मेहकर हें गांव आहे. तेथें वकिली करणारे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जी. एन. जोशी यांनीं तबकडीवर गाइली. नाटकांतलें पद नव्हे, अभंग नव्हे, लावणीहि नव्हे, तर छापील कविता घेऊन ती सुटसुटीत चालींत म्हणावयाची, हा प्रकार त्या काळीं अगदीं नवा होता. ती तबकडी घरोघर वाजली. मराठी भावगीताच्या परंपरेचा आरंभ सांगतांना आज तिचें नांव आदरानें घेतलें जातें. कवीचा 'शीळ' हा पहिला संग्रह १९५४ सालीं निघाला. म्हणजे पुस्तक हातीं येण्यापूर्वीं कित्येक वर्षें श्रोत्यांच्या कानांनीं हा कवि ओळखला होता. १९८६ सालीं साहित्य अकादमीनें त्यांच्या 'खूणगांठी' या संग्रहास पारितोषिक दिलें, तेंहि त्या तबकडीनंतर अर्धशतकानें. आज ज्यास आपण जुनें सोनें म्हणतों, तें एके दिवशीं कोरें करकरीत नवें होतें, हें ध्यानांत ठेवून पुढें जाऊं.

आतां माझा स्वतःचा अनुभव सांगतों. १९९८ सालीं १ जुलैस अकोला जिल्ह्यांतून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षीं मिलिंद इंगळे यांचा 'गारवा' हा गीतसंग्रह निघाला. गीतें सौमित्र या नांवानें लिहिणारे कवि किशोर कदम यांचीं, आणि चाली व गळा इंगळे यांचा. विषय पावसाचा आणि पावसांत आठवणाऱ्या माणसांचा. कवीनें आधीं कविता बोलून दाखवावी आणि त्या बोलण्यांतून गाणें उमलावें, ही त्यांतील मांडणी आम्हांस अपरिचित होती. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलांनीं त्या कॅसेटचीं पारायणें केलीं. आम्ही चाळिशीचे शिक्षक मात्र म्हणूं लागलों, "हें बोलणें कीं गाणें? ना आलाप, ना तान. पाऊस पडतो एवढेंच सांगावयास इतका खटाटोप कशाला?"

त्या वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनाची यादी माझ्याकडे होती. सातवींतल्या एका मुलानें 'गारवा'मधील गाणें म्हणण्यासाठीं नांव दिलें. मीं त्याला दोन ओळी म्हणावयास लावल्या, तिसरी ऐकली नाहीं. "हें शाळेंत शोभावयाचें नाहीं," असें म्हणून मीं त्याच्या नांवावर लाल शाईची रेघ ओढली. मुलगा कांहीं बोलला नाहीं. मला तर त्यांत कांहीं घडलें असें वाटलेंहि नाहीं.

पुढच्या पावसाळ्यांत माझ्या पुतण्यानें कारंज्याहून तीच कॅसेट घरीं आणली. तो ती सकाळसंध्याकाळ लावी, मी कुरकुर करीं. आषाढ गेला, श्रावण आला. एके दिवशीं ओसरीवर पेरणीच्या खर्चाचा हिशेब मांडीत असतां घरांतून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही हें काय गुणगुणतां? हें तर तुम्हींच नापास केलेलें गाणें!" मी ओशाळलों. गाणें तेंच होतें, कॅसेट तीच होती. सहा महिन्यांत बदलले होते ते माझे कान. मग मीं जें नापास केलें तें गाणें होतें, कीं माझीच संवय?

या प्रश्नाचा शोध घेतां मला चार कारणें दिसलीं. तीं आपणांपुढें क्रमानें ठेवतों.

पहिलें कारण संवयीचें. कान हा मोठा सनातनी अवयव आहे. गाणें ऐकतांना पुढचा स्वर कोठें जाईल याचा अंदाज मन मागील अनुभवावरून बांधीत असतें. अंदाज खरा ठरला तर सुख, थोडा चुकला तर गंमत, आणि वारंवार चुकला तर त्रास. खंजिरीच्या भजनांवर आणि विविध भारतीच्या गाण्यांवर पोसलेल्या माझ्या कानास 'गारवा'ची वाट ठाऊक नव्हती, म्हणून ती आडवाट वाटली. मूळचे पोलंडचे आणि अमेरिकेंत काम करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनीं १९६८ सालीं या गोष्टीची परीक्षा प्रसिद्ध केली. अर्थहीन शब्द, चिनी वळणाचीं अक्षरें आणि अनोळखी माणसांचे चेहरे त्यांनीं लोकांस कमीअधिक वेळां दाखविले. जें अधिक वेळां दिसलें, तें लोकांस अधिक चांगलें वाटलें. नुसत्या परिचयानेंहि आवड उत्पन्न होते, हा त्याचा सारांश. अर्थात् यालाहि मर्यादा आहे. लग्नसराईंत एकच गाणें दिवसांतून वीस वेळां कर्ण्यावर आदळूं लागलें, म्हणजे आवडतें गाणेंहि नकोसें होतें. परिचय मिठासारखा आहे. तो नसला तर गाणें अळणी, आणि अति झाला तर खारट.

दुसरें कारण वयाचें. मिसरूड फुटण्याच्या सुमारास आणि त्यानंतरच्या सातआठ वर्षांत ऐकलेलीं गाणीं माणसाच्या स्मरणांत सर्वांत खोल रुततात, असें स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे सांगतात. या वयांत पहिली मैत्री, पहिलें प्रेम, घराबाहेरचें पहिलें पाऊल, सर्व एकाच वेळीं घडत असतें, आणि मागें वाजणारें गाणें त्या सर्वांना चिकटून बसतें. म्हणून म्हातारपणीं आपण 'आमच्या वेळचीं गाणीं किती चांगलीं' असें म्हणतों, तेव्हां त्यांतलें निम्में कौतुक गाण्याचें आणि निम्में आपल्या गेलेल्या तारुण्याचें असतें. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र आज सोळा वर्षांच्या मुलामुलींचींहि अशींच गाणीं रुजत आहेत, आणि पन्नास वर्षांनीं तींच त्यांचें जुनें सोनें होणार आहेत, याचें भान असावें.

तिसरें कारण अपेक्षेचें. लोकप्रिय गायकाचा पहिला संग्रह श्रोता रिकाम्या मनानें ऐकतो, आणि दुसरा ऐकतांना मात्र पहिला संग्रह कांखेंत घेऊन बसतो. नवीं गाणीं पहिल्यासारखीं निघालीं तर म्हणतो, 'यांत नवें काय?' आणि वेगळीं निघालीं तर म्हणतो, 'हा बिघडला.' याचें जगप्रसिद्ध उदाहरण बॉब डिलन या अमेरिकन गायकाचें आहे. साध्या गिटारीवर लोकगीतांच्या धाटणीचीं गाणीं म्हणणारा गायक म्हणून तो तरुणांच्या गळ्यांतील ताईत झाला होता. १९६५ सालीं २५ जुलैस न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या उत्सवांत तो विजेची गिटार आणि वाद्यवृंद घेऊन उभा राहिला. त्याच्याच चाहत्यांपैकीं कित्येकांनीं आरडाओरड करून त्याचा धिक्कार केला. त्यांस गाणें वाईट वाटलें म्हणावें, तर तें त्यांनीं धड ऐकलें तरी कोठें होतें? आपल्या मनांतला डिलन आपणांस सोडून गेला, हें त्यांचें दुःख होतें. त्याच डिलनला २०१६ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. नाराजी बहुधा तिऱ्हाइताची नसते. ती प्रेम करणाऱ्याची असते, हेंहि यावरून ध्यानीं घ्यावें.

चौथें कारण स्थळाचें, संगतीचें आणि यंत्राचें. कॅसेट लावली कीं आवडतें गाणें येईपर्यंत शेजारचीं दोन गाणींहि निमूटपणें ऐकावीं लागत, आणि पुष्कळदां त्या शेजाऱ्यांशींच पुढें स्नेह जडे. मोबाईलवर अंगठ्याच्या एका हालचालीनें गाणें उडवितां येतें. म्हणून आज गाण्यास स्वतःची बाजू मांडण्यास अर्धें मिनिटहि मिळत नाहीं. शिवाय मांडवांत ऐकलेलें गाणें आणि एकान्तांत ऐकलेलें गाणें हीं दोन निराळीं गाणीं असतात.

याचा प्रत्यय मला अलीकडेच आला. जळगांव जिल्ह्यांतील संजू राठोड या तरुण गायकाचें 'गुलाबी साडी' हें गाणें २०२४ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालें. त्याचें संगीत जी-स्पार्क यांचें. त्या उन्हाळ्यांत आमच्या भागांतील वरात त्यावाचून निघाली नाहीं. कर्ण्याचा आवाज छातींत धडधडत असतां मला शब्द एकहि कळला नाहीं, आणि ओठांवर वाक्य तयार झालें, "हें शाळेंत शोभावयाचें नाहीं." तें वाक्य ओळखीचें होतें. त्यानें मी दचकलों. घरीं येऊन नातीला म्हटलें, "बाई, तें गाणें एकदां हळू आवाजांत लाव." ती चकित झाली, पण तिनें लावलें.

हळू आवाजांत ऐकल्यावर मला काय आढळलें? नटूनथटून उभी राहिलेली स्त्री आपल्या प्रियकराकडे स्वतःचें छायाचित्र काढण्याचा लाडिक हट्ट धरते, एवढाच त्यांतला विषय. हा हट्ट मराठी कानास अनोळखी आहे काय? आमच्या लावणींतील नायिका पिढ्यान् पिढ्या शालू मागत आली, नथ मागत आली, रुसून बसत आली. आणि तिच्या तोंडचे शब्द पुरुष शाहीरानेंच लिहिले. येथें नथेच्या जागीं छायाचित्र आलें, ढोलकीच्या जागीं यंत्राचा ठेका आला. वेष बदलला, व्यक्ति तीच. हें मीं नातीला समजावून सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, मग तुमच्या लावण्याहि लावा ना." त्या संध्याकाळीं आमच्या ओसरीवर दोन्हीं प्रकारचीं गाणीं वाजलीं. मला तें गाणें फार आवडलें असें मी म्हणत नाहीं. परंतु गाण्याच्या निमित्तानें जें दार उघडलें, तें पहिल्या अभिप्रायानें मीं कायमचें लावून घेतलें असतें.

आतां श्रोत्यांचे अभिप्राय मोजण्याविषयीं थोडें बोलतों. एके काळीं श्रोता पोस्टकार्ड लिहून आपली आवड कळवीत असे. रेडिओ सिलोनवर १९५२ सालीं सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला' या कार्यक्रमांत अमीन सयानी तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांचीं पत्रें यांवरून गाण्यांची क्रमवारी लावीत. तेव्हां बिहारांत असलेलें झुमरीतलैया हें गांव नुसत्या फर्माइशींच्या पत्रांनीं देशभर प्रसिद्ध झालें. आज पोस्टकार्डाची जागा आंकड्यानें घेतली आहे. अमुक गाणें इतके कोटी वेळां वाजलें, असें आपण वाचतों. हा आंकडा गाणें किती वेळां वाजलें हें सांगतो. कां वाजलें, किती जणांनीं शेवटपर्यंत ऐकलें, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें, हें तो सांगत नाहीं. पटावरील हजेरीवरून मुलांची उपस्थिति कळते, अभ्यास कळत नाहीं, तसेंच हें आहे.

उलट, श्रोत्यांस न विचारतां वरून निकाल लावला तर काय होतें, याचाहि धडा नभोवाणीच्या इतिहासांत आहे. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयीं त्यांची तळमळ खरी होती, आणि त्या संगीतास त्यांच्या कारकीर्दींत मोठा आश्रय मिळाला, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. परंतु चित्रपटगीतें हलकीं, असें मानून आकाशवाणीवरून त्यांस बहुतेक निरोप देण्यांत आला. श्रोत्यांनीं मोर्चा काढला नाहीं. त्यांनीं फक्त रेडिओचा कांटा फिरविला आणि तो सिलोनवर नेऊन ठेवला. शेवटीं १९५७ सालीं ३ ऑक्टोबर रोजीं विविध भारतीचा जन्म झाला आणि तीं गाणीं घरीं परत आलीं. माझी लाल रेघ आणि ती बंदी यांत आकाराचा फरक होता, जातीचा नव्हता. रेघ ओढल्यानें मुलाची आवड पालटत नाहीं. तो कांटा फिरवितो आणि आपल्यापासून दूर जातो, इतकेंच.

मग नव्या गाण्यांपुढें मान तुकवावी काय? मुळींच नाहीं. सर्वच नवें चांगलें, असें म्हणणारा श्रोता आणि सर्वच नवें वाईट, असें म्हणणारा श्रोता, दोघेहि न ऐकतांच बोलतात. मी आतां एक साधा नियम पाळतों, तो आपणांपुढें ठेवतों. कोणताहि नवा संग्रह हातीं आला तर तीनदां ऐकावा. पहिल्यानें शब्दांसाठीं ऐकावा. कवि काय सांगतो, कोणाच्या तोंडून सांगतो, तें पाहावें. दुसऱ्यानें चालीसाठीं ऐकावा. शब्दांचा अर्थ आणि स्वरांची चढउतार हातांत हात घालून चालतात कीं एकमेकांस ओढतात, तें पाहावें. तिसऱ्यानें ज्याला तो आवडतो अशा माणसाच्या शेजारीं बसून ऐकावा, आणि त्याला विचारावें, 'तुला यांत कोठें गोड लागलें?' त्यानंतर खुशाल नापास करावें, पण कारणासह. शब्द ओंगळ आहेत, चाल दुसऱ्याची उचललेली आहे, गायकाचा सूर ढळतो, हीं कारणें झालीं. 'आमच्या वेळीं असें नव्हतें' हें कारण नव्हे. आणि 'मला आवडलें नाहीं' व 'तें वाईट आहे' या दोन वाक्यांची कधींहि गल्लत करूं नये. पहिलें वाक्य बोलण्याचा अधिकार प्रत्येकास आहे; दुसरें बोलण्यापूर्वीं पेपर पुरा तपासलेला असावा.

आतां त्या मुलाविषयीं. सेवानिवृत्तीनंतर वर्षभरानें कारंज्याच्या बसस्थानकावर तिशीच्या एका गृहस्थानें वांकून नमस्कार केला. मीं त्याला ओळखलें नाहीं. त्यानें ओळख दिली. मुलाबाळांची चौकशी झाली. मग मींच भीत भीत विचारलें, "गाणें चालू आहे काय रे?" तो हंसला आणि म्हणाला, "नाही गुरुजी. तवा तुमी माह्यं नांव लाल शाईनं खोडलं ना, मंग मी काही गाइलोच नाही. कोन्तं गानं होतं, तेई आता आठोत नाही." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. गाणें मला पाठ होतें. तो विसरून गेला होता. त्याची मोटार आली, तो गेला. क्षमा मागावयाचें माझ्या ओठांवर होतें, तें तसेंच राहिलें. आज या भाषणाच्या रूपानें तें मी बोलत आहें.

श्रोतेहो, नवें गाणें कसें आहे, हें काळ ठरवील. त्याला आपल्या अभिप्रायाची फारशी वाट पाहावी लागत नाहीं. परंतु तें गाणें हातांत घेऊन जें मूल आपल्यापुढें उभें राहतें, तें मात्र आपल्या अभिप्रायाची वाट पाहत असतें. त्याला तिसरी ओळ म्हणूं द्या. ऐकून झाल्यावर जें बोलावयाचें तें बोला.